सही केलेला ग्लोव्ह घ्यावा की फोटो?

बॉक्सिंगमधल्या माजी विश्वविजेत्याची अस्सल सही घरी आणायची आहे आणि पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, अशा वेळी बहुतेकांचा जीव ग्लोव्हवर जडतो. पहिल्या खरेदीला मात्र आम्ही ८×१० इंची फोटोच सुचवतो, कारण फोटोवरची सही नीट पारखता येते.

दहापट भिंगाखाली छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. फोटो तिरका धरला की खऱ्या मार्करची शाई कागदावर बसलेली दिसते, तिची चमकही वेगळी असते. हाताने केलेल्या सहीत रेघ जाडबारीक होते, टोकाला निमुळती होते. ऑटोपेन यंत्राची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते. ग्लोव्ह फुगीर आणि मऊ, त्यामुळे अस्सल सहीही त्यावर वाकडी पडते आणि नकलाकाराचा अडखळलेला हात त्यातच लपून जातो. शिवाय रेक्झिनवर मार्करची शाई वर्षागणिक पसरते, अक्षरांच्या कडा धूसर होतात.

एक गोष्ट ग्लोव्हच्या बाजूची आहे. लेबल, लोगो, बारकोड यांवरून तो साधारण कधीचा ते कळतं. उदाहरणार्थ, माजी हेवीवेट विश्वविजेते जो फ्रेझर ७ नोव्हेंबर २०११ रोजी वारले. त्यानंतर बाजारात आलेल्या नमुन्यावर त्यांची सही असणं शक्यच नाही.

सहीचा काळही जुळवून पाहा. मुहम्मद अली १९६४ च्या सुरुवातीपर्यंत कॅशियस क्ले अशी सही करत. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं, पुढे अक्षर लहान आणि आखडतं होत गेलं. विक्रेता ‘सही २००५ ची’ म्हणतो आणि अक्षर मोठं, सळसळतं असेल, तर तिथेच थांबा.

सर्टिफिकेट पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या पारखणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचं असावं. स्टिकरवरचा नंबर त्यांच्या साइटवर स्वतः टाका आणि तिथे दिलेलं वर्णन हातातल्या वस्तूशी ताडून पाहा. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या कागदाला आम्ही किंमत देत नाही. १९९० च्या दशकात एफबीआयने अमेरिकेत पकडलेल्या टोळ्या खोट्या सह्यांसोबत खोटी सर्टिफिकेटंही विकत होत्या.

वाहतुकीत तर फोटो सरळ जिंकतो. आंतरराष्ट्रीय कुरिअर आकारमानावर वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. १० औंसांचा ग्लोव्ह जेमतेम २८३ ग्रॅमचा. पण ३५×२५×२० च्या खोक्यात भाडं साडेतीन किलोचं लागतं. दोन कडक पुठ्ठ्यांमधला फोटो ३०×२५×२ मध्ये मावतो, म्हणजे ३०० ग्रॅम. कस्टम्स ड्युटी आणि आयजीएसटी दोन्हीवर लागू शकतो, तो हिशोबात धरा.

नाशिकचा पावसाळा दोघांनाही त्रास देतो. लेदरच्या ग्लोव्हला बुरशी धरते; अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल शोषून घेतली की बदला. फोटो थेट काचेला टेकला तर चिकटतो, म्हणून मेनरोडच्या फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि अतिनील किरणं अडवणारं यूव्ही अ‍ॅक्रिलिक हवं असं स्पष्ट सांगा. लॅमिनेशन नको. गोदाकाठच्या जुन्या वाड्याच्या ओल्या भिंतीवर टांगू नका, ऊन येणाऱ्या खिडकीसमोरही नको.

टायसनसारखा हयात विजेता असेल आणि सही प्रमाणन कंपनीच्या साक्षीदारासमोर झाल्याची नोंद असेल, तर ग्लोव्ह खुशाल घ्या. पुसताना कोरडं मऊ फडकं वापरा; सॅनिटायझर किंवा स्पिरिट लागलं की मार्करची सही फडक्यावर उतरते.