हळदीच्या सौद्याची नोंद टर्मिनलमध्ये: टेक्स्च्युअल कितपत कामाची?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जुना कॉम्प्युटर आणि माऊसला हात न लावणारे दिवाणजी असतील, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, कीबोर्डवर चालणारे प्रोग्रॅम बनवायची पायथनची टेक्स्च्युअल लायब्ररी चपखल बसते. लॉट, पोती, वजन, दर, एंटर, सौद्याच्या हिशेबाची पट्टी तयार.

खरी ताकद स्क्रीनच्या थप्पीत आहे. पुश_स्क्रीनने नवी स्क्रीन वर चढते, पॉप_स्क्रीनने उतरते, स्विच_स्क्रीन वरची काढून तिथे दुसरी ठेवते. नवखे इथेच फसतात: पॉप केलेली स्क्रीन आतल्या विजेटांसकट (रकाने, बटणं वगैरे) जाते. अर्धवट भरलेली पट्टी परत हवी असेल तर तिची स्क्रीन आधी इन्स्टॉल_स्क्रीनने नाव देऊन ठेवा. तळाची एकुलती स्क्रीन पॉप केलीत की एरर ठरलेला. ‘सौदा पक्का?’ विचारायला मोडलस्क्रीन, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत बाकीचं अडवून धरणारी स्क्रीन, घ्या. ती बंद करताना डिसमिसमध्ये दिलेलं हो-नाही थेट कॉलबॅकला (त्यासाठी तुम्ही नेमलेल्या फंक्शनला) मिळतं, ग्लोबल व्हेरिएबलची भानगडच नको.

विजेट माउंट केल्या केल्या, म्हणजे स्क्रीनवर चढवल्या चढवल्या, त्याच्या आतलं विजेट क्वेरी_वनने शोधलं तर ‘नोमॅचेस’ हा एरर येऊ शकतो, कारण माउंट तेवढ्यात पुरं झालेलं नसतं. माउंटला अवेट लावा, म्हणजे ते पुरं होईपर्यंत कोड थांबतो.

डोकेदुखी देवनागरीची. डेटाटेबलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या विजेटात, ‘राजापुरी’ हे हळदीचं नाव लिहिलं की पुढचे रकाने सरकू शकतात. काना-वेलांटीची रुंदी टर्मिनल वेगळी धरतो, लायब्ररी वेगळी. मराठी रकाना सगळ्यात शेवटी टाका, आकडे तरी ओळीत राहतात. नावं सुंदर दिसण्याचा आग्रह असेल तर ब्राउझरच बरा.

आणि कोड तपासायला टाकलेल्या प्रिंटच्या ओळी स्क्रीनवर शोधत बसू नका. त्या बघायला टेक्स्च्युअल-डेव्ह वेगळं इन्स्टॉल करून दुसऱ्या खिडकीत कन्सोल उघडावा लागतो.