जगाचा भिंतीवरचा नकाशा: दहा महिने वापरून, दुसरं महायुद्ध ३१३ आठवड्यांत

गेल्या दसऱ्याला पाच फूट रुंदीचा, लॅमिनेशन केलेला जगाचा राजकीय नकाशा घेतला. साडेआठशे रुपये पडले. दुसरं महायुद्ध भिंतीवर मांडायचं आणि आठवड्या-आठवड्याने पुढे न्यायचं, एवढ्यासाठीच तो घेतला होता. १ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ म्हणजे ३१३ आठवडे. रोज रात्री जेवणं झाली की मी आणि माझी भाची एक आठवडा पुढे सरकायचो. परवा टोकियोच्या उपसागरात शरणागतीच्या कागदांवर सह्या झाल्या आणि आमचा फेरा पूर्ण झाला.

हा खटाटोप का केला ते आधी सांगतो. पुस्तकांत हे युद्ध आघाडीवार येतं. रशियाचं प्रकरण संपतं, मग आफ्रिकेचं, मग पॅसिफिकचं. वर्षानुवर्षं असंच वाचल्यामुळे माझ्या डोक्यातही ती तीन-चार निरनिराळी युद्धं होती. भिंतीवर तसं होऊच शकत नाही. एका रात्री एकच आठवडा, आणि त्या आठवड्यात जगभर जे घडलं ते सगळं त्याच रात्री टाचण्या-दोऱ्यांनी लावायचं.

याचं मोल मला नोव्हेंबर १९४२ मध्ये कळलं. ४ तारखेला इजिप्तमधल्या एल अलामेनहून जर्मन सेनापती रोमेल मागे हटू लागला. ८ तारखेला अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा मोरोक्को-अल्जीरियात उतरल्या. १२ ते १५ च्या दरम्यान पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळ अमेरिका-जपानची आरमारी लढाई झाली. १९ तारखेला सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्राडच्या दोन्ही बाजूंनी चढाई सुरू केली आणि २३ तारखेला वेढा पुरा केला. आतापर्यंत हे मी चार वेगवेगळ्या ठिकाणी वाचलेलं. त्या महिन्यातल्या आमच्या चार-पाच रात्रींत टाचण्या अशा भराभर हलल्या, की भाची म्हणाली, "मामा, हे सगळे ठरवून केल्यासारखं करतायत." तसं ठरलेलं नव्हतं. पण एका ठिकाणची ओढाताण दुसरीकडे जाणवत होती, हे दोऱ्यांमुळे दिसलं. जर्मनांची युंकर्स ५२ ही वाहतुकीची विमानं ट्युनिसला माणसं आणि सामान पोचवण्यात गुंतली होती, आणि नेमकी तीच विमानं स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या जर्मन सहाव्या सैन्याला हवी होती. त्या सैन्याला दिवसाला किमान ३०० टन लागत होते, पोचत होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. एक पिवळा दोरा बर्लिनहून ट्युनिसला आणि दुसरा बर्लिनहून व्होल्गेला गेलेला बघितला की ते गणित समोर उभं राहतं. जुलै १९४३ चंही तेच. ५ तारखेला रशियात कुर्स्कवर जर्मनांची चढाई, १० तारखेला इटलीच्या सिसिली बेटावर मित्रफौजा, आणि १३ तारखेला हिटलरने कुर्स्कची चढाई थांबवायला सांगितलं.

आता वस्तूविषयी. थेट भिंतीवर लावू नका, टाचणी धरत नाही. फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डाचे दोन थर एकमेकांवर चिकटवून घ्या, एका थरात टाचणी लुळी पडते. आघाडीच्या रेषा व्हाइटबोर्ड मार्करने काढल्या. आठवड्याभरात पुसल्या तर जातात, त्याहून जुनी रेषा सॅनिटायझरशिवाय निघत नाही. पहिल्या पावसाबरोबर डाव्या कोपऱ्यात लॅमिनेशनखाली फुगे आले. या किमतीत ते येऊ नयेत. ट्यूबलाइट समोर असेल तर अर्धा अटलांटिक नुसता चमकतो, म्हणून बाजूने प्रकाश येईल अशी भिंत निवडा.

सर्वांत मोठी खोट वेगळीच आहे. आपल्याकडचे बहुतेक नकाशे पॅसिफिक महासागर मधोमध कापतात. जपान उजव्या टोकाला, हवाई डाव्या टोकाला. डिसेंबर १९४१ आला आणि आमचं सगळं अडलं. जपानी ताफ्याचा दोरा पर्ल हार्बरपर्यंत न्यायचा कसा? शेवटी डाव्या कडेची रंगीत झेरॉक्स काढली आणि उजवीकडे जोडून चिकटवली. त्या पट्टीने एक गोंधळही मिटवला. मलायात कोटा भारूला जपानी सैन्य उतरलं त्याची तारीख ८ डिसेंबर आहे, पर्ल हार्बरची ७. प्रत्यक्षात कोटा भारू तासभर आधी. मध्ये वार बदलणारी रेषा आहे, आणि ती आता आमच्या पट्टीवरून जाते. मिडवे बेटही तिथेच. जून १९४२ मध्ये जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या ते ठिकाण मूळ नकाशावर अलास्काच्या खाली, जपानपासून जवळजवळ साडेचार फुटांवर होतं!

दुसरी खोट मापाची. विषुववृत्तावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण २६५ किलोमीटर, लेनिनग्राडच्या अक्षांशावर मात्र त्याच्या निम्मेच. म्हणून दोरा मोजून अंतर काढू नका, फसाल. नावंही आजची आहेत. स्टालिनग्राड शोधायचं तर व्होल्गोग्राड माहीत हवं, आणि लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालंय. त्या शहरातली टाचणी सप्टेंबर १९४१ मध्ये रोवली ती जानेवारी १९४४ पर्यंत तशीच होती. ८७२ दिवसांचा वेढा, म्हणजे आमच्या जवळजवळ सव्वाशे रात्री. बाकी सगळं हलत होतं, ती एक हलत नव्हती. दमट हवेने तिला गंज चढला आणि काढल्यावर भोकाभोवती तांबूस कडं राहिलं. ते मी पुसलेलं नाही.

लहान मापाचा सर्वांत जास्त तोटा आपल्याच लोकांना होतो. कोहिमा ते इंफाळ रस्ता या नकाशावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. दोन टाचण्यांची डोकी एकमेकांना टेकतात, मध्ये जागाच उरत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना समोरासमोर खंदक खणून ब्रिटिश-भारतीय आणि जपानी माणसं लढली, ते यात दाखवणार कुठे? आसाम-ब्रह्मदेशाचा वेगळा नकाशा कार्डशीटवर हाताने काढून शेजारी लावला, तेव्हा कुठे जीव शांत झाला. १४ एप्रिल १९४४ ला कोहिमा जपान्यांच्या वेढ्यात असताना मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्या रात्री पहिल्यांदा मुंबईत टाचणी लागली. २२ जून १९४४ ला कोहिमा-इंफाळ रस्ता १०९ व्या मैलाच्या दगडापाशी मोकळा झाला. त्याच दिवशी बेलोरशियात (आजचं बेलारूस) सोव्हिएत फौजांची सर्वांत मोठी चढाई सुरू झाली. मैलाच्या दगडाची चिठ्ठी भाचीने लावली, बेलोरशियाचा लाल दोरा मी.

आणि १० जुलै १९४४. माझं आजोळ माणगाव तालुक्यातलं. तिथला नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा लहानपणापासून पाहिलेला, पण ते नेमके कधी, कशात गेले हे कधी नीट विचारलं नव्हतं. त्या आठवड्याच्या टाचण्या अशा: मिन्स्क ३ तारखेला पडलेलं, पॅसिफिकमधलं सायपान बेट आणि फ्रान्समधलं कां शहर ९ तारखेच्या सुमारास, इंफाळकडून जपानी सैन्य मागे फिरलेलं. आणि इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळाला. तेव्हा इटलीची आघाडी दुय्यम झाली होती. दक्षिण फ्रान्समध्ये उतरवण्यासाठी तिथल्या सात डिव्हिजन काढून घेतल्या जात होत्या. जगाचं लक्ष नॉर्मंडीकडे लागलेलं, आणि माणगावचा माणूस टायबरच्या काठी. त्या रात्री आम्ही पुढचा आठवडा लावला नाही.

घ्यावा का? युद्धाचा इतिहास मनापासून वाचत असाल तर जरूर घ्या. फक्त पॅसिफिक मध्यभागी असलेला मिळाला तर तोच घ्या, आणि पूर्व भारत-ब्रह्मदेशासाठी मोठ्या मापाचा दुसरा नकाशा पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या बघा. रिळाचा साधा दोरा चालतो, लोकर नको, तिला धूळ धरते.

आमचा दुसरा फेरा कालपासून सुरू झालाय. या वेळी फौजा नाहीत, फक्त जहाजं. पहिली टाचणी आयर्लंडच्या वायव्येला, ३ सप्टेंबर १९३९, जर्मन पाणबुडीने बुडवलेलं ब्रिटिश प्रवासी जहाज अथेनिया.