गच्चीवर ग्रीन रूफ करून घेतलं, टॉप फ्लोअरवाल्याचा रिव्ह्यू

मी ऐरोलीत सातव्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची, एप्रिल-मेमध्ये रात्री अकरालाही स्लॅब तापलेला, पंखा फुल केला की गरम वाराच खाली येतो. पत्र्याची शेड की झाडं यावर सोसायटीच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) भरपूर वादावादी झाली आणि शेवटी अर्ध्या गच्चीवर ग्रीन रूफ, म्हणजे स्लॅबवरच थर टाकून बाग, करायचं ठरलं. कंपनीचं नाव घेत नाही, काम चांगलंय पण नंतरच्या सर्व्हिसचं रडगाणं आहे.

आवडलं हे की आल्या आल्या फुलांचे फोटो दाखवत बसले नाहीत, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट मागितला. वापरातल्या गच्चीला आयएस 875 (इमारतीवरच्या वजनांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला साधारण 150 किलो लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामान वगैरेंचं वजन, धरतात आणि साधी लाल माती 4 इंच टाकली तरी भिजल्यावर 180-200 किलोपर्यंत जाते, त्यात जुन्या ब्रिकबॅट कोब्याचं (वॉटरप्रूफिंगसाठी घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराचं) वजन वेगळंच. म्हणून यांनी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), गांडूळखत असं हलकं मिक्स वापरलं. त्याच्याही आधी गच्चीवर 48 तास पाणी भरून ठेवलं, तर माझ्याच बेडरूमच्या कोपऱ्यात ओल उमटली! ती दुरुस्त झाल्यावरच रूट बॅरियर (मुळं अडवणारा थर), ड्रेनेज शीट (पाणी वाहून नेणारी), जिओटेक्स्टाइल कापड (माती अडवून पाणी सोडणारं) आणि वर मिक्स. ही टेस्ट टाळणाऱ्याला काम देऊच नका, नंतर लीकेज शोधायला सगळी बाग उकरावी लागते.

आता फरक. एसीसारखं गार होत नाही, तशी आशा ठेवू नका. पण स्लॅबला थेट ऊन लागत नाही, वर पानांतून पाणी उडतं, त्यामुळे संध्याकाळनंतरची ती भट्टी गेली, झोप लागते. खालच्या मजल्यांना शून्य फरक, म्हणून चौथ्या मजल्यावरचे काका अजून विचारतात आम्ही काँट्रिब्युशन का दिलं. काका, वॉटरप्रूफिंग उन्हात तडकत नाही, जास्त वर्षं टिकतं, तो खर्च तुमचाही वाचतो की.

पावसाचं पाणी धरून ठेवतं म्हणतात ते रिमझिमीपुरतं खरं, जुलैत एकदा मिक्स चिंब भिजलं की पुढचं सगळं पाणी पाईपातच. झाडांपैकी ऑफिस टाइमच्या फुलांनी पावसात मान टाकली, जांभळट पानांचं ऱ्होइओ आणि गवती चहा मात्र जोरात.

आणि रडगाणं हे की मेंटेनन्सवाले ऐन पावसात फोनच उचलत नाहीत. पाईपच्या तोंडाशी पानं अडकून घोटाभर पाणी साचलं, शेवटी वॉचमनने हात घालून काढलं. कावळ्यांच्या कृपेने पिंपळाची रोपं सारखी उगवतात, ती बोटभर असतानाच उपटायला लागतात नाहीतर मुळं खाली घुसतात, हे कोण करणार ते काँट्रॅक्टमध्ये कुठेच नाही.

कामाला 5 पैकी 5, सर्व्हिसला 2. करून घेणार असाल तर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला माणूस येईल असं लेखी घ्या आणि शेवटचा हप्ता पावसाळा संपेपर्यंत देऊ नका.