सांगलीत चित्रपुस्तक घेताना: काठी जमिनीला टेकते का?

विश्रामबागेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या कपाटात अपंग पात्रे असलेल्या चित्रपुस्तकांचा वेगळा कप्पा आहे. निवड चांगली, पण डोळे झाकून घेण्यासारखी नाही. गोष्ट वाचण्याआधी चित्रातली साधने बघा. ती चुकली असतील तर ती वापरणाऱ्या कुणाला विचारलेलेच नसते, आणि गोष्टही बहुधा त्याच अंगाने जाते.

व्हीलचेअर बहुतेक पुस्तकांत दवाखान्यातली, रुंद. मोठ्या चाकाला हाताने फिरवायची कडीच काढलेली नाही. कडी नसली की मूल आपले आपण हलू शकत नाही, मग पानोपानी मागे कुणीतरी ढकलायला उभे. एका पुस्तकातली मुलगी मात्र स्वतः चाके मारत आंब्याखाली जाते, कैऱ्या पाडते आणि राखणदाराचा ओरडा सगळ्यांबरोबर खाते. पहिले तेच घ्या.

अंधांच्या पांढऱ्या काठीचे टोक पुढच्या पावलाच्या जागी जमिनीवर हवे आणि उभी धरली तर ती छातीच्या हाडापर्यंत यावी. इथे दोन पुस्तकांत आजोबांची वाकड्या मुठीची काठी, काळा चष्मा आणि हवेत चाचपडणारा हात आहे. ती सोडा.

परदेशी पुस्तकांतल्या खुणांच्या भाषेच्या तक्त्यापासून सावध. अमेरिकी मुळाक्षरे एका हाताने दाखवतात. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरांना बहुतेक दोन्ही हात लागतात. तो तक्ता अंगणवाडीत लावला तर इथल्या बहिऱ्या मुलाशी बोलायला त्याचा उपयोग नाही.

ब्रेलची फसवणूक सर्वांत जास्त. मुखपृष्ठावर सहा ठिपक्यांची अक्षरे दिसतात, पण ती सपाट शाईची. बोट फिरवा, उठाव लागला पाहिजे. छापील पानावर ब्रेल उठवलेले पारदर्शक प्लास्टिक बसवलेली पुस्तके उत्तम, कारण डोळस आई आणि अंध मूल एकच पान वाचतात. बांधणी स्पायरलची हवी, नाहीतर पुस्तक सपाट उघडत नाही आणि ओळीच्या कडेचे ठिपके हाती लागत नाहीत.

अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. कप्प्यात मुख्यतः चाक, काठी आणि श्रवणयंत्र. स्वमग्न मूल एकाच पुस्तकात, मतिमंद मूल कुठेच नाही. शेवटी पात्र बरे होते किंवा वर्गाला संकटातून वाचवते तेव्हाच मित्र मिळतात, अशी तीन पुस्तकेही आहेत. ती लहानांना नकोच.

आणि हो, दुकानाच्या दाराशी दोन पायऱ्या, मिळून फूटभर उंची. 1:12 चा उतार, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, धरला तर बारा फूट जागा लागेल, ती फुटपाथवर नाही. व्हीलचेअरवरचे मूल असेल तर फोन करा, पुस्तके बाहेर आणून दाखवतात. ब्रेलची मात्र उभी ठेवलेलीच मागा. रंगभरणाच्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबलेले ठिपके पुन्हा उठत नाहीत.