वस्तऱ्यासाठी कोटिक्यूल दगड : वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घेतला, तेव्हापासून माझा वस्तरा याच दगडावर लागतोय. वस्तरा जुना, जर्मनीतल्या झोलिंगेनचा, कार्बन स्टीलचा. दगड १५० बाय ४० मिलिमीटर. मोठा घ्यायचा तर किंमत आणि वरून कस्टम ड्युटी झेपत नाही, आणि वस्तऱ्याला एवढा पुरतोही.

कोटिक्यूल निघतो बेल्जियमच्या आर्देन भागात. पिवळसर थर इतका पातळ असतो की बहुतेक तुकड्यांना खालून पाटीचा दगड असतो. आत गार्नेट या कठीण खनिजाचे ५ ते १५ मायक्रॉनचे गोलसर कण. म्हणून ओरखडे उथळ पडतात आणि धार गालाला मऊ लागते. माझ्याकडच्या १२००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका कण बारीक) सिंथेटिक दगडाची धार जास्त तीक्ष्ण येते हे खरं, पण गळ्यावर आग होते. इथं होत नाही.

पाणी टाकून छोट्या तुकड्यानं घासलं की दुधासारखी स्लरी होते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून हात मारायचे. स्लरी काळपट झाली की पोलाद निघतंय समजा. मग बोटानं एक-दोन थेंब पाणी, थोडे हात, परत थेंब; शेवट नितळ पाण्यावर. सगळी गोम या पातळ करण्यात आहे. दाट स्लरीत सुटे कण धारेवरच आदळतात, त्यामुळे ती एका मर्यादेपुढे तीक्ष्ण होत नाही. आणि पाणी एकदम ओतलं तर दगड इतका सावकाश कापतो की बसा घासत.

आता आपल्याकडची अडचण. एप्रिल-मेमध्ये लातुरात पंख्याखाली बसलात तर पाणी उडून स्लरी परत दाट होते, म्हणजे केलेलं सगळं उलटं. पंखा बंद करा, नाहीतर पहाटे उरकून घ्या. बोअरचं पाणी नको. क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि त्यातला रेतीचा एखादा कण धारेची वाट लावतो. मी फिल्टरचं वापरतो. कोरड्या हवेमुळे गंज मात्र कमी. तेलाचा हात पावसाळ्यातच लागतो.

गल्लीतले सलूनवाले काका स्वतः आता अर्ध्या ब्लेडचा उस्तरा वापरतात. माझे हात बघून म्हणाले, "दाबायलास कशाला? त्याच्या वजनानंच जाऊ दे की." मग वस्तरा तळहातावर उलटसुलट फिरवून मनगटावरची लव काढून दाखवली. ते तळहाताचं काम मी चामड्याच्या पट्ट्यावरच करतो बुवा.

खांडं पडलेल्या पात्यासाठी हा दगड घेऊ नका. त्याला आधी १००० चा सिंथेटिक लागतोच. शिवाय नैसर्गिक दगड असल्यानं प्रत्येक तुकड्याचा वेग वेगळा, त्यामुळे माझा थेंबांचा हिशोब तुमच्या दगडाला लागू पडेलच असं नाही. आल्या आल्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा आणि कडा थोड्या मोडून घ्या. तीक्ष्ण कडेवर पातं अडकतं.