शिकवणाऱ्याचा पाय पेडलवरून कधी निघतो? कोल्हापुरातल्या ड्रायव्हिंग क्लासचा आढावा

कोल्हापुरात चारचाकी शिकवणारे क्लास पेठेपेठेत आहेत. राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ, कसबा बावडा, कुठेही राहत असाल तरी घराजवळ एखादा सापडतोच. शिकणाऱ्याला लायसन्सही मिळतं. अडचण त्यानंतर सुरू होते. कोर्स संपलेला, एमएच ०९ ची नवी गाडी दारात उभी, आणि किल्ली हातात घेतली की तळव्यांना घाम. अशी माणसं शहरात कितीतरी आहेत, आणि त्यात दोष त्यांचा कमी, शिकवण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. म्हणून फी, गाडीचं मॉडेल, एसी हे बाजूला ठेवून इथे एकाच कसोटीवर या सेवेकडे बघितलं आहे: क्लास भीती घालवतो, की फक्त फेऱ्या मारून आणतो?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ड्युअल कंट्रोलची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ती अटच आहे. सुरक्षेसाठी ही सोय उत्तम. पण भीती टिकून राहण्याचं सगळ्यात मोठं कारणही तीच ठरते. रस्त्यात गाडी बंद पडू नये, मागच्यांनी हॉर्न मारू नयेत आणि पुढच्या विद्यार्थ्याची वेळ चुकू नये म्हणून शिकवणारे स्वतःच क्लच सांभाळत राहतात. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमायला लागलं. स्वतःच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच चौकात ती तीनदा बंद पडते आणि होता नव्हता तो आत्मविश्वास जातो.

हे ओळखायची सोपी खूण आहे. बऱ्याच गाड्यांत ही दोन्हीकडची पेडल सळईने किंवा केबलने एकमेकांना जोडलेली असतात. शिकवणाऱ्याने क्लच दाबला की तुमच्या बाजूचा क्लचही खाली जातो. वेग कमी करताना किंवा गाडी निघताना तळव्याखालचं पेडल आपोआप बुडालं, तर गाडी तुम्ही चालवत नाही. पहिले दोन दिवस हे चालेल. चौथ्या-पाचव्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर क्लच पूर्ण तुमच्याकडे यायला हवा, आणि कोर्स अर्धा झाला की शिकवणाऱ्याचा पाय फक्त ब्रेकच्या वर तयारीत हवा. "आज क्लचला हात लावू नका, बंद पडली तर पडू दे, मीच चालू करतो" असं स्पष्ट सांगा. जो मास्तर हे ऐकून खूश होतो तो चांगला.

क्लचवर वेगळा वेळ देणारा क्लास मिळाला तर तो सोडू नका. सराव असा: सपाट मोकळी जागा, पहिला गिअर, अॅक्सिलरेटरला पाय नाही. डावी टाच जमिनीला टेकलेली. क्लच इतका हळू सोडायचा की एका जागी इंजिनाचा आवाज जरा जड होतो, गाडीला बारीक थरथर येते आणि ती मुंगीच्या पावलाने सरकते. हाच हाफ क्लच; तिथेच पाय धरून ठेवायचा. दोन-तीन सेकंदांनी क्लच पुन्हा दाबायचा, ब्रेक लावायचा. एका बैठकीत हे पंधरा-वीस वेळा. गाडी बंद पडते त्याचं कारण साधं आहे. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे फिरत असतं. क्लच एकदम सोडला की गाडीचं सगळं वजन एका झटक्यात त्याच्यावर येतं, फेरे घसरतात आणि इंजिन दम तोडतं. लहान पेट्रोल गाडीत हे लवकर होतं, कारण कमी फेऱ्यांना तिची ताकद कमी. डिझेल गाडी बरंच सहन करते. म्हणून शिकताना डिझेल आणि घरी पेट्रोल असेल तर सुरुवातीला त्रास होणारच. शिवाय क्लासच्या गाडीची क्लच प्लेट दिवसभराच्या वापराने झिजलेली असते आणि बहुतेकदा पेडल बरंच वर आल्यावर पकडते, तर नव्या गाडीत ती जागा खाली असते. पाय जुन्या जागेची वाट बघतो, गाडी त्याआधीच पकडून धक्का देते. हा फरक आधी कुणी सांगितला तर माणूस घाबरत नाही. बहुतेक ठिकाणी तो सांगितलाच जात नाही, ही आमची ठाम तक्रार.

आता वेळेचा हिशोब, कारण भीती घालवायला तास लागतात. नियमाप्रमाणे चारचाकीच्या प्रशिक्षणाचा कालावधी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. शहरात विकली जाणारी पॅकेज मात्र बहुतेक 'रोज अर्धा तास' या मापाची. १५ दिवस गुणिले ३० मिनिटं म्हणजे साडेसात तास. त्यात गाडीत आणखी एक विद्यार्थी मागे बसलेला, त्याला घ्यायला-सोडायला जाणं, पेट्रोल भरणं, हे सगळं तुमच्या अर्ध्या तासातून गेलं तर हातात उरतात वीस मिनिटं, म्हणजे सगळे मिळून पाच तास. नियमाच्या निम्मे. विचारायचा प्रश्न एवढाच: स्टिअरिंगवर माझे तास किती? प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली याची नोंद ठेवायला क्लासकडे फॉर्म १५ ची नोंदवही असते. रोजची वेळ त्यात लिहिली जाते का, हे विचारताना संकोच नको. आणि शक्य असेल तर रोज अर्ध्या तासाऐवजी एकाआड एक दिवस एक तास मागा. घाबरणाऱ्या माणसाचे खांदे सैल व्हायलाच पहिली दहा-बारा मिनिटं जातात. अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये शिकण्याची वेळ आली की गाडी परत फिरते.

रस्त्यांची निवड हा कोल्हापूरच्या क्लासचा कच्चा दुवा. पहिल्याच दिवशी स्टेशन रोडला नेणारे आहेत. एसटी, केएमटी (शहर बस), रिक्षा, वडाप (खासगी प्रवासी जीप) आणि मधूनच आडवा येणारा दुचाकीवाला; अशा ठिकाणी नवखा माणूस फक्त स्टिअरिंग घट्ट धरायला शिकतो. चांगला क्रम असा. पहिले तीन-चार दिवस सकाळी सातच्या आत राजारामपुरीच्या गल्ल्या: सरळ, काटकोनी वळणं, वेग २० च्या आत. मग शिवाजी विद्यापीठ ते सायबर चौक, तोही कॉलेजची वेळ होण्याआधी. रस्ता रुंद आहे, तिसऱ्या गिअरपर्यंत जाता येतं. रंकाळ्याचा रस्ता मोकळा वाटतो, पण पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून तो दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर दसरा चौक आणि ताराराणी चौकाचे सिग्नल. महाद्वार रोडला मंगळवार, शुक्रवार किंवा सुट्टीच्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असताना शिकणाऱ्याला न्यायचं काही कारण नाही. शेवटी तावडे हॉटेलकडून महामार्ग, दिवसाउजेडी. ऊस हंगामात अंधार पडल्यावर तिकडे जाऊ नका: ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, कित्येकदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. नुकतं शिकलेल्याला त्यांचा वेग आणि लांबी, दोन्ही अंधारात कळत नाही.

"डावी बाजू कळत नाही" ही भीती जवळपास सगळ्यांना असते, आणि तिच्यावर नेमका उपाय करून घेणारे शिकवणारे कमी. बहुतेक जण "अजून घे, अजून घे, बास" एवढंच म्हणतात. डोळ्याला खूण दिल्याशिवाय अंदाज येत नाही. गाडी फुटपाथच्या कडेला समांतर, साधारण एक फूट अंतरावर उभी करून घ्या. मग तुमच्या नेहमीच्या बैठकीतून बघा, फुटपाथची कड बॉनेटच्या कडेला कुठे कापते. बहुतेक लहान गाड्यांत ती बॉनेटच्या मधल्या भागाजवळ कुठेतरी येते. काचेच्या तळाशी, बरोबर त्या रेषेवर छोटा स्टिकर लावा. पुढच्या वेळी कड स्टिकरवर आली म्हणजे डावं चाक फुटपाथपासून एक फूट. दोन दिवस याची सवय झाली की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा घ्या आणि डावं चाक त्यावरून न्यायचा प्रयत्न करा; आरशात बघून खात्री करा. सीटची उंची किंवा अंतर बदललं की खूण बदलते, म्हणून सीट आधी पक्की करा: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पोचलेलं. उंची कमी असेल तर खाली कडक उशी घ्या. बॉनेट दिसत नाही म्हणून स्टिअरिंगला चिकटून बसणं हे भीतीचं लक्षण नाही, चुकीच्या सीटचं आहे.

पायात काय घालता हेही बघा. कोल्हापुरी चप्पल गाडी चालवायला नको. मागे पट्टा नसतो, कातड्याचा तळ ओला झाला की पेडलवरून सटकतो. पातळ सपाट रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट चांगले. काढलेली चप्पल पायाजवळ ठेवू नका, ती ब्रेकखाली सरकते. मागच्या सीटखाली टाका.

सिग्नलला गाडी बंद पडणं आणि मागून हॉर्नचा भडिमार, याची धास्ती खऱ्या अपघातापेक्षाही जास्त असते. क्लासने याची रंगीत तालीम घ्यायला हवी. कोल्हापुरात ती घेणारे विरळाच. रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम गाडी बंद पाडायची आणि क्रम पाठ करायचा: ब्रेक, क्लच पूर्ण, न्यूट्रल, किल्ली, पहिला गिअर, हाफ क्लच, निघा. सराव झाला की सगळं पाच-सहा सेकंदांत होतं. घाईत न्यूट्रल विसरून क्लच न दाबता किल्ली फिरवली तर जुनी गाडी उडी मारते आणि पुढच्याला धडकते. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत. हॉर्न वाजत असताना श्वास आत अडकलेला असतो. आधी लांब श्वास सोडा, मग किल्लीला हात.

चढासाठी टेंबलाई टेकडीचा रस्ता सकाळी बरा. उड्डाणपुलावर थांबून सराव करू नका. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, अॅक्सिलरेटर थोडा (इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर असेल तर १५०० ते २००० फेरे), क्लच हळू सोडत यायचं. बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटलं आणि आवाज दबला की हँडब्रेक खाली. गाडी मागे गेली तर क्लच लवकर दाबला गेला किंवा हँडब्रेक आधी सुटला, तिसरं कारण क्वचितच असतं. वाघबीळहून पन्हाळ्याचा घाट हे सगळं जमल्यानंतर, आणि उतरताना न्यूट्रल कधीच नाही: ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

सिम्युलेटरचं आकर्षण काही क्लास दाखवतात. गिअरची जागा आणि पायांचा क्रम समजायला एक-दोन तास ठीक. क्लचची थरथर त्यात कळत नाही, म्हणून ते तास दहा तासांत मोजू देऊ नका. ऑटोमॅटिक गाडीवर शिकावं का? घरात तीच असेल तर खुशाल. आपल्याकडे कारच्या लायसन्सला मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा वेगळा प्रकार नाही. पण पुढे कधी मॅन्युअल हाती आली तर मात्र क्लच नव्याने शिकावा लागेल.

शिकवणाऱ्याच्या स्वभावाबद्दल आमचं मत कडक आहे. ओरडणारा माणूस कितीही अनुभवी असो, घाबरणाऱ्याच्या कामाचा नाही. आवाज चढला की शिकणाऱ्याची नजर रस्त्यावरून त्याच्या चेहऱ्याकडे जाते, आणि गाडी नजर जाईल तिकडे झुकते. चांगला शिकवणारा सूचना आधी देतो: वळण येण्याच्या पन्नास-साठ मीटर आधी "दुसरा गिअर, डावीकडे", आणि चूक झाल्यावर गाडी कडेला घेऊन कारण सांगतो. स्त्रियांना शिकवायला बाई आहेत का, हा प्रश्न फोनवरच विचारा. काही ठिकाणी त्यांची बॅच ठरावीक वेळेलाच असते. फी पूर्ण भरण्याआधी एक चाचणी फेरी मागितली तर कुणी चांगला क्लास नाही म्हणत नाही.

कागदांत दोनच गोष्टी लक्षात ठेवा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, तेव्हा तिसाव्या दिवसाची घाई नको. मधले महिने सरावाला आहेत. त्या काळात घरच्या गाडीवर पुढे-मागे लाल रंगातला एल हवा आणि शेजारी लायसन्सधारक बसलेला हवा. शेवटचे दोन-तीन तास क्लासच्या माणसाला शेजारी बसवून स्वतःच्याच गाडीत घ्या. तिथे त्याच्या पायाखाली क्लच नसतो. असे तास वेगळे पैसे घेऊन देणारे क्लास शहरात आहेत, आणि पूर्ण कोर्सपेक्षाही त्या पैशांचं मोल जास्त मिळतं. फॉर्म ५, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला, हातात घेण्याआधी राहिलेले तास मोजा आणि आधी तेच मागून घ्या.