माझ्याच गाडीचे पार्ट मलाच विकले: व्हॅक्यूम पाइपांची चलाखी

जुनी कार्बोरेटरवाली गाडी बाळगणाऱ्यांनी हे वाचाच, आणि ज्यांना इंजिनाचे व्हॅक्यूम पाइप बदलायचे आहेत त्यांनी तर गाडी गॅरेजात नेण्याआधी वाचा. संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याच गाडीचे पार्ट धुऊन-रंगवून मला परत विकले.

गाडी वडिलांची. काँटेसा क्लासिक, इझुझूच्या 1.8 इंजिनाची. काँटेसा बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली, त्यामुळे पार्ट म्हणजे भंगार बाजार, ओळखीपाळखी आणि नशीब. ‘एकच पीस आहे साहेब, दुसरं गिऱ्हाईक विचारायलंय’ असं कुणी म्हटलं की आपण भाव करायचा सोडून देतो. समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं.

काम अगदी किरकोळ होतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॉनेटखालचं रबर भाजून निघतं. पाइप लाकडासारखे कडक झाले होते, टोकांना चिरा पडल्या होत्या. सगळे पाइप आणि क्लिपा नव्या टाका, एवढंच सांगून गाडी दिली. खरं तर हा काही शे रुपयांचा मामला.

आता यात पैसे कसे काढतात ते बघा. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, जी ओढ (व्हॅक्यूम) तयार होते, तिच्यावर बरीच कामं चालतात. जाड पाइप ब्रेकच्या बूस्टरला जातो, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला. एक बारीक पाइप कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) डबीला जातो आणि ठिणगीचं टायमिंग पुढे-मागे करतो. बाकीच्या निपलांपैकी, म्हणजे पाइप खोचायच्या तोंडांपैकी, एक जरी उघडं राहिलं तरी तिथून फुकटची हवा आत शिरते आणि इंजिनाची स्लो (अॅक्सिलरेटर न दाबता चालणारी मंद गती) वरखाली व्हायला लागते. म्हणजे पाइप चुकीचा जोडला की दोष दिसतो बूस्टरचा, डिस्ट्रिब्यूटरचा नाहीतर कार्बोरेटरचा. पाइपाकडे कुणाचं लक्षही जात नाही.

आधी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. पोरगा ब्रेक दाबतोय, पेडल दगडासारखं कडक. ‘बूस्टर बसलं साहेब, आतला रबरी पडदा, डायफ्रॅम, फाटलाय.’ दोनेक दिवसांनी फोन, कार्बोरेटरची बॉडी वाकडी झाली, स्लोच धरत नाही. मग डिस्ट्रिब्यूटर. प्रत्येक वेळी व्हिडिओ, आणि प्रत्येक व्हिडिओत दोष खराच दिसत होता! सगळं मिळून साडेअठरा हजार झाले, त्यातले सहा हजार रोख मागितले.

गाडी घेऊन जालन्याला निघालो. बदनापूरच्या अलीकडे कापसाचा टेम्पो अचानक थांबला, ब्रेक दाबला तर पेडल ढिम्म. बूस्टर नसलं तरी ब्रेक लागतात, पण दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागतो, आणि हे पायाला कळेपर्यंत गाडी टेम्पोच्या फळीजवळ गेली होती. थोडक्यात निभावलं. बॉनेट उघडून बघतो तर बूस्टरचा जाड पाइप चपटा झालेला. ज्या कामासाठी गाडी दिली ते एकच काम त्यांनी केलं होतं, तेही साधा पाण्याचा पाइप कापून लावून. गरम झाला की असला पाइप आतल्या ओढीने मिटतो. बूस्टरला आतून अस्तर असलेला, न दबणारा पाइपच लागतो.

जालन्यात वडिलांच्या वेळचे एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी ‘नवा’ कार्बोरेटर उतरवला, चोकच्या दांडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘बेटा, ये टाका तो मेरा है.’ दांडी तुटली होती तेव्हा त्यांनीच पितळेचा टाका मारला होता, घासून सपाट केलेला पण एका बाजूला थोडा उंच राहिलेला. तोच टाका. आमचाच कार्बोरेटर, पेट्रोलमध्ये धुऊन चकचकीत केलेला. बूस्टरवरचा काळा रंग नखाने निघाला, खाली आमच्याच बूस्टरचा पोचा. डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक पाइपातून सायकलचा छर्रा निघाला. डबी दुरुस्त केल्याचे पैसे घेतले, पण पाइप बुजलेलाच ठेवला. कामातही धड नव्हते लेकाचे.

मग तो पहिला व्हिडिओ आम्ही थांबवून-थांबवून पाहिला. बूस्टरच्या पाइपात मध्ये एक वनवे व्हॉल्व्ह असतो. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जाऊ द्यायची, उलट नाही, हे त्याचं काम. आमच्या व्हॉल्व्हचं एक तोंड पांढरं, दुसरं काळं. काळं तोंड इंजिनाकडे हवं. व्हिडिओत ते बूस्टरकडे होतं. उलटा बसवला की बूस्टरमध्ये ओढ पोचतच नाही आणि चांगलं बूस्टर मेलेलं दिसतं. व्हिडिओ काढला, पैसे घेतले, व्हॉल्व्ह सुलटा केला.

म्हणून बूस्टर गेलं असं कुणी सांगितलं तर आधी हे करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून धरून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चांगलं आहे. नाही गेलं तर व्हॉल्व्ह काढून दोन्हीकडून फुंकून बघा, बूस्टरकडच्या तोंडातून फुंकलं तर हवा इंजिनाकडे गेली पाहिजे, उलट बाजूने नाही. कार्बोरेटर गेला असं म्हणत असतील तर पक्कडीत कापड धरून एकेक पाइप हलकेच दाबा. ज्याने इंजिनाचा आवाज सुधारतो, गळती त्याच्याच पुढे आहे. गळती शोधायला पेट्रोल शिंपडणारे महाभाग असतात, त्यांना गरम इंजिनाजवळ फिरकू देऊ नका.

व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच. चांगलं इंजिन स्लोवर 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. मात्र हा आकडा समुद्रकाठचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. जालना 500 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे दीडेक इंच कमी दिसला तरी घाबरायचं कारण नाही. ‘काटा खाली आलाय, इंजिन गेलं’ असं सांगणारेही भेटतात. डिस्ट्रिब्यूटरच्या पाइपाला मात्र बऱ्याच इंजिनांत स्लोवर ओढ नसते, अॅक्सिलरेटर थोडा दाबल्यावरच येते. त्यामुळे नुसत्या स्लोवर बोट लावून तो बंद आहे असं ठरवू देऊ नका.

गाडी देताना बॉनेटखालचे फोटो चारही बाजूंनी काढा. प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना टेप लावून सारखा नंबर टाका, आणि बूस्टर-कार्बोरेटरवर न दिसेल अशा जागी पंचची खूण मारा. बदललेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मला ‘भंगारवाला घेऊन गेला’ असं सांगितलं होतं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गॅरेजवाल्याने व्हिडिओ डिलीट केले, पण मी ते आधीच भावाला पाठवले होते. अडचण बिलाची आहे. त्यावर ‘कार्बोरेटर वर्क’, ‘बूस्टर वर्क’ असंच लिहिलंय, नवीन हा शब्द कुठेही नाही, आणि रोख दिलेल्या सहा हजारांचा तर उल्लेखच नाही.